स्वॅगर व्यवस्थित आहे तरी एजंट चुकतो: टूलचं डॉक्युमेंटेशन एजंटसाठी कसं लिहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे की कंपनीत आतल्या वापराची बरीच एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती घ्यायच्या वाटा) आहेत, स्वॅगर म्हणजे त्या एपीआयचं डॉक्युमेंटेशन चांगलं लिहिलेलं आहे, त्यावरून एका कन्व्हर्टरने एमसीपी सर्व्हर (एआयला टूल्स पुरवणारा सर्व्हर) बनवला, एका झटक्यात पन्नास-साठ टूल्स तयार झाली, आणि आता एजंट, म्हणजे ती टूल्स स्वतः वापरून काम करणारं एआय मॉडेल, भलतंच टूल उचलतो, आयडी मनाने बनवतो, एकच कॉल परत परत मारत बसतो. मॉडेल बदलून बघितलं, फार फरक पडला नाही. मग डॉक्युमेंटेशन लिहायचं तरी कसं?

आधी मॉडेल बदलणं थांबवा. अशा केसमध्ये लॉग उघडून शांतपणे वाचला की बहुतेक वेळा असं दिसतं की एजंटने जे केलं ते त्याच्यासमोर असलेल्या माहितीवर बरोबरच होतं, माहितीच अर्धवट होती. आणि अजून एक, जे ऐकायला लोकांना आवडत नाही: बऱ्याचदा वर्णन कितीही घासलं तरी काही होत नाही, टूलच बदलावं लागतं. दोन्ही गोष्टींबद्दल लिहितो, पण सुरुवात वर्णनापासून.

एजंटला नक्की दिसतं काय ते बघू. ओपनएआयने 2023 च्या जूनमध्ये फंक्शन कॉलिंग आणलं, अँथ्रोपिकने 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल म्हणजे एमसीपी आणला, आतल्या गोष्टी वेगळ्या असल्या तरी मॉडेलपुढे जे येतं ते साधारण सारखंच असतं: टूलचं नाव, एक वर्णन, आणि इनपुटचा जेसन स्कीमा, म्हणजे कुठली माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची त्याचा साचा. तुमचं कॉन्फ्लुएन्सचं पान त्याला दिसत नाही, स्वॅगरच्या वर लिहिलेली सुंदर प्रस्तावना दिसत नाही, पोस्टमनचं कलेक्शन दिसत नाही. ऑफिसात नवीन लागलेला मुलगा अडला की शेजारच्याला हाक मारतो, "अरे हे स्टेटस 7 म्हणजे काय रे", आणि शेजारचा स्क्रीनवरून नजर न काढता सांगतो की 7 म्हणजे रद्द, पण रिफंड बाकी. हे वाक्य कुठल्याच डॉक्समध्ये नसतं, आणि एजंटसाठी लिहायचं असतं ते नेमकं हेच वाक्य.

स्वॅगर माणसासाठी लिहिलेलं असतं आणि माणूस ते कसं वाचतो? आधी नजर फिरवतो, मग एक कॉल मारून बघतो, रिस्पॉन्स बघून अंदाज बांधतो, चुकलं तर परत येतो, आणि त्याला आधीपासून माहीत असतं की आपण कुठल्या कंपनीत बसलोय आणि इथे "ऑर्डर" म्हणजे काय. एजंटला साठ टूल्सची यादी एकदम समोर येते आणि त्यातलं एक लगेच निवडायचं असतं. त्यामुळे "ऑर्डरची माहिती मिळवते" असं वर्णन पाच टूल्सना असेल तर तो जवळजवळ नाणंच उडवणार ना.

आता एक उदाहरण घेऊ, हवेत बोलण्यापेक्षा बरं. शेतमालाचे बाजारभाव घ्या. केंद्र सरकारच्या ओपन डेटा पोर्टलवर ॲगमार्कनेटचे (बाजार समित्यांचे भाव गोळा करणाऱ्या सरकारी यंत्रणेचे) रोजचे भाव एपीआयने मिळतात, राज्य, जिल्हा, बाजार समिती, शेतमाल, तारीख, किमान, कमाल आणि मोडल दर असे कॉलम असतात. यावर कोणी घाईत टूल बनवलं तर वर्णन असं येतं: "बाजारभाव मिळवते. पॅरामीटर: कमोडिटी, मार्केट, डेट." व्याकरण बरोबर, स्कीमा बरोबर, आणि तरी यावर एजंट काय काय गोंधळ घालू शकतो बघा.

कोणी विचारलं, "लासलगावला आज कांदा काय भावाने गेला?" ॲगमार्कनेटच्या यादीत लासलगाव एकच नाही, मुख्य लासलगाव आहे, मग निफाड आणि विंचूर हे उपबाजार लासलगावच्याच नावाने वेगळे दाखवलेत. एजंट "लासलगाव" एवढी स्ट्रिंग पाठवतो, तुमचा कोड कशाशी मॅच करतो ते नशीब. दर 1850 असा आला तर हा किलोचा की क्विंटलचा की टनाचा? मराठी माणसाला विचारायची गरज पडत नाही, बाजार समितीत भाव क्विंटलवर असतो हे त्याला माहीत असतं, मॉडेलही बऱ्याचदा बरोबर ओळखतं, पण "बऱ्याचदा" वर सिस्टीम चालत नाही. मग तीन दरांपैकी सांगायचा कोणता? मोडल, ज्याला आपल्याकडे सर्वसाधारण दर म्हणतात, म्हणजे ज्या भावाला जास्तीत जास्त माल गेला तो. हे लिहिलेलं नसलं की एजंट हुशारी करून किमान आणि कमाल मिळवून दोनने भागतो आणि छातीठोकपणे सरासरी सांगतो. रविवारी किंवा सणाला लिलाव बंद असतात, रिस्पॉन्स रिकामा येतो, आणि एजंट म्हणतो आज कांद्याची आवक झाली नाही, किंवा त्याहून वाईट, मार्केट चुकलं असेल म्हणून दुसऱ्याच मार्केटचा भाव देऊन मोकळा होतो. वर त्या पोर्टलच्या सॅम्पल कीने (चाचणीसाठी दिलेल्या सार्वजनिक कीने) एका वेळी फक्त 10 रेकॉर्ड मिळतात, आणि त्या 10 मध्ये लासलगाव नसलं की एजंटच्या दृष्टीने लासलगाव अस्तित्वातच नाही.

यातली एकही चूक मॉडेलच्या बुद्धीची नाही. म्हणून मी ते वर्णन साधारण असं लिहीन (खरं तर इंग्रजीत लिहीन, त्याबद्दल पुढे येतं):

"एका बाजार समितीतला एका शेतमालाचा एका दिवसाचा घाऊक भाव देतं. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर येतात, तिन्ही रुपये प्रति क्विंटल, 1 क्विंटल म्हणजे 100 किलो. नुसता 'भाव काय' असं विचारलं तर सर्वसाधारण दर सांगा, किमान-कमालची सरासरी काढू नका. दुकानातल्या किरकोळ भावासाठी हे टूल नाही. आठवड्याचा किंवा महिन्याचा कल हवा असेल तर भाव_इतिहास वापरा, हे टूल एकेका दिवसासाठी फिरवत बसू नका. मार्केट_आयडी आधी मार्केट_शोधा मधून घ्या, नावावरून बनवू नका. तारीख 2025-04-03 अशी, भारतीय वेळेनुसार. त्या दिवशी लिलाव नसेल तर स्टेटस 'लिलाव_नाही' आणि सोबत शेवटच्या लिलावाची तारीख येते, याचा अर्थ भाव शून्य किंवा आवक शून्य असा नाही."

लांब वाटतंय? असू दे. यातलं प्रत्येक वाक्य एकेका चुकीसाठी आहे आणि एखादं वाक्य काढल्यावर काहीच बिघडत नसेल तर खुशाल काढा. उलट "हे शक्तिशाली टूल आहे, शेतकऱ्यांना सक्षम करतं" असलं एखादं वाक्य मार्केटिंगवाल्याने घुसवलं असेल तर ते आधी काढा, दर कॉलला तेवढे टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) फुकट जातात आणि एजंटला त्यातून काही कळत नाही.

वरच्या वर्णनात मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात ती "यासाठी हे टूल नाही, त्यासाठी ते वापरा" ही वाक्यं. लोक टूल काय करतं ते लिहितात, काय करत नाही ते लिहित नाहीत. पण निवड करताना उपयोग सीमारेषेचाच होतो. दोन टूल्स एकमेकांच्या जवळची असली की दोन्हीकडे लिहायचं, इकडे तिकडचं नाव आणि तिकडे इकडचं, एकाच बाजूला लिहिलं तर अर्धंच काम होतं. आणि असं लिहायला बसल्यावर तुमच्याच लक्षात आलं की दोघांतला फरक एका वाक्यात सांगता येत नाहीये, तर मग ती दोन टूल्स नाहीतच, एक करून टाका.

पॅरामीटरची नावं ही पण डॉक्युमेंटेशनच आहेत, आणि ती वर्णनापेक्षा जास्त विश्वासाने वाचली जातात. "युजर" असं नाव असलं की त्यात ईमेल द्यायचा, नाव द्यायचं की आयडी, कळत नाही, "युजर_आयडी" लिहिलं की निम्मा प्रश्न मिटला. पैशांच्या बाबतीत तर हे पाळाच. रेझरपेच्या एपीआयमध्ये अमाउंट पैशात असते, 500 रुपये घ्यायचे असतील तर 50000 पाठवायचे, बऱ्याच पेमेंट एपीआयमध्ये असंच सगळ्यात लहान एककात असतं आणि त्यात काही चूक नाही. पण त्यावर तुम्ही स्वतःचं टूल बांधताना पॅरामीटरला नुसतं "अमाउंट" ठेवलंत तर एजंट कधीतरी 500 पाठवणार आणि गिऱ्हाइकाला पाच रुपयांची लिंक जाणार. "अमाउंट_पैसे" किंवा "अमाउंट_रुपये" असं एकक नावातच टाका. जमिनीचं क्षेत्र असेल तर हेक्टर, आर, गुंठे, चौरस फूट, यातलं काय ते नावात. कालावधी असेल तर सेकंद की मिलीसेकंद ते नावात. वर्णनात चौथ्या ओळीत लिहिलंय म्हणून चालत नाही, ते विसरलं जातं, नाव मात्र दर वेळी डोळ्यासमोर असतं.

तारखांचं तेच. 03/04/2025 म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल, अमेरिकन सवयीने चार मार्च, आणि मॉडेलने दोन्ही प्रकार ढिगाने वाचलेत. वर्ष-महिना-दिवस असा एकच फॉरमॅट ठेवा, आणि टाइमझोन लिहा हो, सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असला की आपल्या घड्याळात रात्री बारा ते पहाटे साडेपाच यात झालेलं सगळं आदल्या दिवसाच्या तारखेत जातं. "कालच्या ऑर्डर किती" या साध्या प्रश्नाचं उत्तर तेवढ्यामुळे चुकतं आणि चुकलंय हे कोणाला कळतही नाही, कारण आकडा अगदी पटण्यासारखा असतो.

आता मघाशी म्हटलं तो दुसरा मुद्दा, टूलच बदलायचा. याचं चांगलं उदाहरण अँथ्रोपिकनेच 2024 च्या डिसेंबरमध्ये दिलं होतं. एसडब्ल्यूई-बेंच म्हणजे खऱ्या रिपॉझिटरीतले बग सोडवण्याची परीक्षा, त्यासाठीचा एजंट बनवताना त्यांच्या लक्षात आलं की एजंट मूळ फोल्डर सोडून दुसरीकडे गेला की रिलेटिव्ह पाथ (सध्याच्या फोल्डरपासून मोजलेला फाइलचा पत्ता) चुकवतो. त्यांनी टूलच असं केलं की नेहमी पूर्ण पाथच द्यायचा, आणि ती चूक बंद झाली. त्याच लेखात त्यांनी म्हटलंय की एकूण प्रॉम्प्टपेक्षा टूल्स घासण्यात त्यांचा जास्त वेळ गेला. माझाही अनुभव हाच आहे, वर्णनात "सावधान", "लक्षात ठेवा", "कृपया" असे शब्द वाढायला लागले की समजायचं डिझाइनमध्ये खोट आहे. तीन ओळींचा इशारा लिहिण्यापेक्षा चूक करताच येणार नाही असं करा.

जिल्ह्यांची नावं घ्या. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव 2023 मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर 2024 मध्ये. जुन्या डेटाबेसमध्ये जुनी नावं, नव्यात नवी, आणि विचारणारा माणूस "नगर" एवढंच म्हणतो. हे सगळं वर्णनात लिहून एजंटला पाठ करायला लावणं वेडेपणा आहे. कोडमध्ये एक उपनावांचा टेबल ठेवा, काहीही आलं तरी एकाच आयडीवर न्या, आणि रिस्पॉन्समध्ये सांगा की "तुम्ही 'नगर' दिलं, मी अहिल्यानगर जिल्हा धरला". एनम, म्हणजे ठरलेल्या पर्यायांची बंद यादी, ठेवता येत असेल तर एनमच ठेवा, 36 जिल्हे आहेत, यादी स्कीमात सहज मावते. शेकडो बाजार समित्यांची यादी मात्र मावत नाही, तिथे शोधायचं टूल वेगळं द्यायचं.

एरर मेसेज. यावर कोणी वेळच घालवत नाही, आणि मला विचाराल तर एवढ्या मेहनतीला एवढं फळ दुसरीकडे कुठे मिळत नाही. एजंट वर्णन वाचतो तेव्हा त्याला अजून काही अडलेलं नसतं, एरर वाचतो तेव्हा तो नेमका त्याच जागी अडलेला असतो, म्हणजे तेवढीच सूचना, योग्य वेळी. "400 बॅड रिक्वेस्ट" पाठवलंत तर तो तोच कॉल थोडा इकडेतिकडे करून परत मारणार, तुम्ही म्हणता ना परत परत मारतो, ते इथूनच येतं. त्याऐवजी "तारीख '03-04-2025' समजली नाही, 2025-04-03 अशी द्या" एवढं लिहा. "मार्केट_आयडी 'लासलगाव' चालत नाही, मार्केट_शोधा वापरून आकडी आयडी घ्या, जवळची नावं: लासलगाव, लासलगाव-निफाड, लासलगाव-विंचूर" असं लिहा. आणि परत प्रयत्न करून उपयोग आहे की नाही हे स्पष्ट सांगा: "सर्व्हर व्यस्त, 30 सेकंदांनी परत करा" वेगळं, "या युजरला परवानगी नाही, परत करून उपयोग नाही, माणसाला कळवा" वेगळं. स्टॅक ट्रेस (कोडमध्ये एरर कुठून कुठून आला त्याची लांबलचक यादी) तर पाठवूच नका, दोनशे ओळींच्या जावाच्या ट्रेसमध्ये कामाची एक ओळ असते आणि बाकीच्या ओळींनी कॉन्टेक्स्ट, म्हणजे मॉडेलपुढची मर्यादित जागा, वाया जाते.

रिकामं उत्तर आणि अर्धवट उत्तर हे दोन्ही बोलून दाखवायचे. रिकामी यादी आली तर "शोधलं, सापडलं नाही" की "शोधताच आलं नाही" हे एजंटला बाहेरून कळत नाही. 4000 पैकी 50 ओळी पाठवल्या तर शेवटी लिहा की 4000 पैकी 50 दाखवल्यात, तारखेने किंवा जिल्ह्याने गाळून परत विचारा. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी 2024 मध्ये एसडब्ल्यूई-एजंट हा बग सोडवणारा एजंट केला त्यात हे नीट केलेलं आहे, शोधाचे निकाल 50 च्या वर गेले तर यादी देतच नाही, शोध अजून नेमका करा म्हणून सांगतात, फाइल एका वेळी 100 ओळींच्या खिडकीतून दाखवतात, आणि एडिट केल्यावर सिंटॅक्स मोडत असेल तर एडिट नाकारून कारण देतात. क्लॉड कोड या अँथ्रोपिकच्या कोडिंग एजंटमध्येही टूलच्या उत्तरावर डिफॉल्ट 25,000 टोकनची मर्यादा आहे. मुद्दा मर्यादेचा नाही, मर्यादा असतेच, कापलंय हे सांगितलं नाही तर एजंट अर्ध्या डेटावर पूर्ण निष्कर्ष काढतो, हा आहे.

डेटा बदलणारी टूल्स वेगळ्याच काळजीने लिहायची. एमसीपीमध्ये ॲनोटेशन आहेत, फक्त वाचणारं आहे का, मोडतोड करणारं आहे का, दोनदा चालवलं तरी परिणाम तोच राहतो का, असे हिंट देता येतात. काहीच दिलं नाही तर एमसीपीचं स्पेक (ठरवलेले नियम) असं धरतं की टूल लिहिणारं आहे आणि मोडतोड करू शकतं, म्हणजे तुमची साधी वाचणारी टूल्ससुद्धा क्लायंट दर वेळी "परवानगी द्या" म्हणून विचारत बसू शकतो, आणि मग वैतागून माणूस सगळ्यालाच हो म्हणायला लागतो, जे सगळ्यात धोकादायक. म्हणून वाचणाऱ्यांवर तसं लिहा. पण हे नुसते हिंट आहेत, कुलूप नाही. खरं कुलूप कोडमध्ये, परवानग्यांमध्ये. पैसे पाठवणं, मेसेज पाठवणं, रेकॉर्ड उडवणं, याला ड्राय रनचा, म्हणजे प्रत्यक्ष न करता काय होईल ते नुसतं दाखवण्याचा, पर्याय द्या, टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या टूलमध्ये आधी प्लॅन बघून मग अप्लाय करतात तसं, आणि आयडेम्पोटन्सी की (एका कामाचा एकच ओळखनंबर) घ्या म्हणजे नेटवर्क अडकून कॉल दोनदा गेला तरी पैसे एकदाच जातील. आणि वर्णनात परिणाम साध्या शब्दात लिहा: "हे चालवलं की ग्राहकाला लगेच एसएमएस जातो, मागे घेता येत नाही." "नोटिफिकेशन ट्रिगर करते" या वाक्यातून हे कळत नाही, माणसालाही नाही.

कमांड लाइनची टूल्स असतील तर थोडं वेगळं, पण चांगली बातमी अशी की तिथे निम्मं काम जुन्या लोकांनी करून ठेवलंय. युनिक्सचं मॅन्युअल 1971 पासून आहे, नाव, वापर कसा, वर्णन, अशी ठरलेली रचना, आणि मॉडेल्सनी ती पानं भरपूर वाचलीत. तुमच्या कमांडचं हेल्प त्याच वळणाचं ठेवा, आणि त्यात दोन-तीन खरी उदाहरणं टाका, सगळ्यात साधं एक आणि रोज लागणारं एक. मशीनने वाचायला जेसन आउटपुटचा पर्याय, चुकलं तर शून्य सोडून दुसरा एक्झिट कोड. आणि मध्येच "हो की नाही?" विचारून थांबणारी कमांड असेल तर तो प्रश्न टाळायचा फ्लॅग हवाच आणि तो हेल्पमध्ये वरच्या भागात हवा. गिट कमिट मेसेज न देता मारलं की एडिटर उघडतो, इंटरॅक्टिव्ह रीबेसमध्येही उघडतो, एजंट तिथे टाइमआउट होईपर्यंत बसून राहतो. रिपॉझिटरीत एजंट्स डॉट एमडी सारखी, एजंटसाठी सूचना लिहिलेली फाइल ठेवत असाल तर त्यात फोल्डरची झाडं काढत बसू नका, ते त्याला एलएस करून दिसतं. टेस्ट कशी चालवायची, कुठल्या फोल्डरला हात लावायचा नाही, कुठली कमांड दिसायला साधी पण प्रॉडक्शनला जाते, असं जे बघून कळत नाही ते लिहा.

भाषेबद्दल. वर्णनं मराठीत लिहावीत का? मी इंग्रजीतच लिहितो, कारण देवनागरीला बहुतेक टोकनायझरमध्ये जास्त टोकन लागतात आणि ही वर्णनं दर कॉलला जातात. पण विचारणारे लोक मराठीत विचारणार असतील तर त्यांचे शब्द वर्णनात जसेच्या तसे घाला. महसूल खात्याच्या कामाचं टूल असेल तर सातबारा, आठ अ, फेरफार, गट नंबर हे शब्द त्यात पाहिजेत, "लँड रेकॉर्ड एक्स्ट्रॅक्ट" एवढंच लिहून "फेरफार झाला का बघ" हा प्रश्न त्या टूलला जोडला जाईल अशी आशा धरू नका. कांद्यात लाल आणि उन्हाळ हे वेगळे भाव असतात, तेही तसंच लिहा.

हे सगळं लिहिलं तरी ते चालतंय का हे लॉगशिवाय कळत नाही. खऱ्या लोकांनी विचारलेले वीस-पंचवीस प्रश्न घ्या, त्यात दोन टूल्स एकामागून एक लागतील असे काही, उत्तरच नाही असे काही, आणि मुद्दाम संदिग्ध असे काही. प्रत्येकाचं बरोबर उत्तर आधी लिहून ठेवा. मग एजंट चालवा आणि नुसता पास-नापास बघू नका, मधले कॉल वाचा. कुठलं टूल उचललं, कुठे अडखळला, कुठे उत्तर योगायोगाने बरोबर आलं. मग एकच वाक्य बदला आणि परत चालवा. अँथ्रोपिकने 2025 मध्ये सांगितलेलं एक उदाहरण मजेशीर आहे, त्यांच्या वेब सर्च टूलमध्ये मॉडेल उगाचच प्रत्येक शोधाला "2025" जोडत होतं आणि निकाल बिघडत होते, दुरुस्ती झाली ती टूलच्या वर्णनात. असलं काही टेबलावर बसून विचार करून सुचत नाही, ट्रान्सक्रिप्ट वाचल्यावरच दिसतं. मॉडेललाच वर्णन देऊन "यात काय संदिग्ध आहे" असं विचारणंही कामाचं आहे, पण "सुधारून दे" म्हणू नका, ते सगळं फुगवून ठेवतं. आणि सेटमधले पाच-सहा प्रश्न बाजूला काढून ठेवा, शेवटीच चालवा, नाहीतर वर्णन त्या प्रश्नांपुरतं घासलं जातं.

एक सुरक्षेची गोष्ट जाता जाता. टूलचं वर्णन हे मॉडेलसाठी सूचनेसारखंच असतं, म्हणून बाहेरून घेतलेल्या एमसीपी सर्व्हरची वर्णनं स्वतः वाचा, 2025 मध्ये टूल पॉयझनिंग म्हणून जे गाजलं ते हेच, वर्णनात लपवलेल्या सूचना, ज्या युजरला स्क्रीनवर दिसतही नाहीत. सर्व्हर अपडेट झाला की परत वाचा. आणि स्वतःच्या वर्णनात "नेहमी हेच टूल आधी वापर" असलं ओरडून लिहू नका, एकाने लिहिलं की दुसरी टीमही लिहिते आणि मग सगळीच टूल्स पहिली.

आता तुमच्या साठ टूल्सचं. सगळ्यांची वर्णनं लिहायला बसू नका. स्वॅगरवरून आलेली यादी ही सुरुवात म्हणून ठीक आहे, पण एंडपॉइंट (एपीआयचा एकेक पत्ता) म्हणजे टूल नाही. लॉगमधून बघा लोक नक्की काय विचारतात, त्यातली दहा-बारा कामं निघतील, तेवढीच टूल्स ठेवा, प्रत्येकाच्या आत चार एंडपॉइंट गेले तरी चालेल. "ग्राहक शोधा, मग त्याच्या ऑर्डर आणा, मग शेवटच्या ऑर्डरचं स्टेटस काढा" हे तीन कॉल जर कायम एकत्रच होत असतील तर "ग्राहकाची शेवटची ऑर्डर" असं एकच टूल करा, आयडी मनाने बनवायचा प्रश्नच मिटतो कारण मध्ये आयडी द्यावाच लागत नाही. वर्णनं कोडच्या शेजारी त्याच फाइलमध्ये ठेवा आणि त्यातली उदाहरणं सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप होणाऱ्या तपासणीत) खरोखर चालवून बघा, कोणी फील्डचं नाव बदललं की बिल्ड फुटला पाहिजे. आणि बाद झालेली टूल्स यादीतून काढून टाका, नुसतं "डेप्रिकेटेड" लिहून ठेवू नका, यादीत आहे म्हटल्यावर एजंट ते कधीतरी वापरतोच. जुन्या नावाने कॉल आलाच तर एररमध्ये नवीन नाव सांगा, बास.